बाटली पामचा फुटवा

रिक्षा कोपऱ्यावर वळली तसं ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

ते समोर बघत होते. मीही बघितलं. आमचं घर जागेवर होतं, फाटक होतं, भिंतीला चिकटून समोरच्या धनवडेसाहेबांची पांढरी गाडी उभी होती, नेहमीसारखी. फक्त आमच्या अंगणावर आभाळ जरा जास्तच दिसत होतं.

"सु... सुई," हे म्हणाले.

अंगणातला पाम उभा होता, पण त्याला डोकं नव्हतं. राखाडी, कड्याकड्यांचं खोड तसंच होतं आणि वरची हिरवी मान मध्येच करवतीनं सपाट कापलेली होती. झावळ्या आमच्याच पायरीपाशी नीट रचून ठेवल्या होत्या. एवढी टापटीप बघून कुणाला वाटावं, काम करणाऱ्यानं उपकारच केले.

आम्ही मिरजेहून परत येत होतो. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. भूगोलाचे मास्तर, वर्गात नकाशाशिवाय सगळ्या नद्या ओळीनं सांगायचे, आणि आता 'पाणी' म्हणायलासुद्धा त्यांना घाम फुटायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी आठवडाभर ठेवून घेतलं होतं, आणि तेवढ्यात आमच्या मागं हा कारभार झाला होता.

मी आणि रिक्षावाल्यानं मिळून चाकांची खुर्ची गटारावरून उचलली आणि ह्यांना आत नेलं. ते मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, ती घातलीच.

त्या पामची गोष्ट सांगायला हवी. कराडला घर बांधलं तेव्हा मला अंगणात माड हवा होता. मी गुहागरची, माडाशिवाय घर मला उघडं वाटतं. हे नर्सरीत गेले आणि हातभर उंचीचं एक रोप घेऊन आले. म्हणाले, "माडाचा सख्खा भाऊ आहे. नारळ तेवढा देत नाही."

"मग देतो काय?"

"शोभा देतो. तू पण नारळ देत नाहीस, तरी मी तुला घरात ठेवलंय ना?"

असे होते आमचे मास्तर! आमच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि पामची मुळं कुजतात, म्हणून त्यांनी खड्डा मोठा घेऊन खाली मुरूम आणि वाळू घातली. पहिली दोन-तीन वर्षं ते झाड गवताच्या जुडग्यासारखं नुसतं बसून होतं. मग एकदा जे उठलं ते थांबलंच नाही. बुंधा बाटलीसारखा फुगला, वर गुळगुळीत हिरवी मान आली. जुनी झावळी आपली आपण सुटून पडायची, कापायचीसुद्धा गरज नाही. आणि मधोमध, सगळ्या झावळ्यांच्या वर, नवं पान मिटलेलं उभं राहायचं, सरळ, टोकदार. हे त्याला सुई म्हणायचे.

झटका आल्यावर उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेना. व्यायाम घ्यायला नसीमा नावाची एक मुलगी यायची, मोठी गोड आणि मोठी खमकी. तिनं ह्यांची खुर्ची व्हरांड्यात पामसमोर लावली आणि म्हणाली, "काका, पैज. ती सुई उघडायच्या आत आपली मूठ उघडायची." पहिल्या वेळेला पाम जिंकला. दुसऱ्यांदाही तोच जिंकला, पण ह्यांचा अंगठा सुटला होता. तिसरी सुई आली तेव्हा हे सकाळी उठल्याबरोबर आधी झाडाकडं बघायचे आणि मग स्वतःच्या हाताकडं. दोन बोटं हलायला लागली होती. आम्ही मिरजेला गेलो तेव्हा ती सुई अर्धी उघडली होती.

ती आता झावळ्यांच्या ढिगात मला सापडली. सुकून पिवळी पडली होती.

मी तशीच रस्ता ओलांडून धनवडेसाहेबांच्या व्हरांड्यात गेले. ते मोठे सरकारी इंजिनिअर, निवृत्त होऊन आमच्या समोर बंगला बांधून राहिले होते. सोसायटीचे चेअरमन तेच, कॉलनीच्या बागांच्या स्पर्धेत परीक्षकही तेच. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात चार निवृत्त मंडळी जमायची आणि साहेब बोलायचे. बाकीच्यांनी माना हलवायच्या.

"साहेब, आमचा पाम कुणी कापला?"

"कापला नाही वहिनी, छाटला." त्यांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "झावळी पडली की गाडीवर. बॉनेटला पोचा आला. उद्या कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे? चेअरमन म्हणून जबाबदारी माझ्यावर येते."

स्वतःच्या गाडीच्या शेडमध्ये साहेबांनी गुलाबाच्या कुंड्या मांडल्या होत्या आणि गाडी आणून आमच्या पामच्या सावलीत लावायचे. सावली आमची चालत होती, झावळी तेवढी चालत नव्हती.

"आम्हाला विचारायचं तरी."

"तुम्ही कुठं होता इथं? आणि एवढं मनाला लावून घ्यायचं काय त्यात? पावसाळ्यात फुटेल की परत."

"पाम फुटत नाही, साहेब."

आता त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मंडळींकडं बघून हसले. "वहिनी, आमच्या तीन पिढ्या उसात गेल्या. तुमच्या पामच्या खोडाला पेरं आहेत का नाहीत?"

"त्या कड्या आहेत. जुनी झावळी पडली त्याच्या खुणा."

"पेरं आहेत! आणि जिथं पेर तिथं डोळा, जिथं डोळा तिथं फुटवा. ऊस तोडला की खोडवा येतो, हे शेंबडं पोरगं सांगेल तुम्हाला."

"साहेब, मी माडाच्या गावची. माडाला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं."

"माड वेगळा, पाम वेगळा. माड खायचा, पाम शोभेचा." मंडळींनी माना हलवल्या. साहेबांना आणखी चेव चढला. "दुप्पट जोमानं फुटेल, लिहून देतो. नाही फुटला तर धनवडे नाव लावणार नाही!"

मी राग गिळला. कसा गिळला माझं मला माहीत. म्हटलं, "झाडाचं राहू दे. आमच्या घरी या, आणि मास्तरांसमोर एवढंच म्हणा, माझं चुकलं. माझं दुसरं काही मागणं नाही."

"चुकलं?" हा शब्द त्यांना नवाच असावा. मग त्यांनी पेपर उचलला. "बघू. विचार करू."

हे 'विचार करू' मी ओळखून होते. फाटकासमोरच्या गटारावर उतरती फरशी टाकायला मी सोसायटीची परवानगी मागितली होती, खुर्ची बाहेर न्यायला दर वेळी दोन माणसं लागायची म्हणून. सहा महिने साहेब विचारच करत होते.

त्या दिवसानंतर ह्यांनी व्हरांड्यात बसायचं सोडलं. मी खुर्ची बाहेर नेली की डोळे मिटून घ्यायचे. शेवटी त्यांनीच डाव्या पायानं रेटत खुर्ची आतल्या खोलीत नेली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. नसीमा आली, तिनं मूठ हातात घेतली, तर ह्यांनी तिचा हात झटकला. सुटलेला अंगठा पुन्हा आत गेला. 'पाणी' नाही, 'नको' नाही, तोंडातून एक अक्षर येईना.

"काकी, असं झालं तर आपण पुन्हा पहिल्यापासून..." नसीमा फाटकापाशी म्हणाली आणि रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला असं म्हणणं म्हणजे पुरातल्या कृष्णेला ओढा म्हणण्यासारखं आहे. मला त्या माणसाचं काहीतरी मोडायचं होतं.

शेजारच्या पवारकाकू म्हणाल्या, "पोलिसात द्या की हो सरळ." दिलं असतं. पंचनामा झाला असता, साहेबांनी त्यांनाही चहा पाजून उसाची पेरं समजावून सांगितली असती. मला ते नको होतं. मला ते दोन शब्द हवे होते, ह्यांच्यासमोर, मोठ्यानं. आणि नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, तेव्हा साहेबांचं नाक कुठं आहे ते मी शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. साहेबांचं नाक म्हणजे त्यांची अक्कल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या व्हरांड्यात मंडळी जमल्यावर मी बादली आणि तांब्या घेऊन अंगणात गेले. त्या भुंड्या खोडाला तांब्या-तांब्यानं पाणी घातलं. मग हाक मारली, "साहेब! बुंध्याशीच घालू ना, का पेरापेराला शिंपडू?"

साहेब खूश झाले. मी शहाणी झाले असं वाटलं असावं त्यांना. "बुंध्याशी घाला! शेणखत द्या थोडं!"

मी शेणखत दिलं. दुसऱ्या दिवशी ओरडून सांगितलं, "साहेब, दिलं हो शेणखत! अजून काही दिसत नाही!"

"अहो, लगेच कसं दिसेल? दम धरा."

मी दम धरला. रोज संध्याकाळी धरला. "साहेब, कुठल्या पेरातनं फुटेल हो? खालच्या की वरच्या?" "साहेब, ह्या बाजूला डोळ्यासारखं दिसतंय, बघता का येऊन?" ते पहिल्यांदा खरंच आले, चष्मा लावून खोडावर बोट फिरवून गेले. सोसायटीच्या सभेत मी उठून आभार मानले, की चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली आमचा पाम फुटण्याच्या मार्गावर आहे. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. आणि पाऊस सुरू झाल्यावर मी छत्री धरून, भर पावसात, खोडाला पाणी घालायला लागले, तेव्हा समोरच्या व्हरांड्यातले एक गृहस्थ इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला.

"अहो, पावसात कशाला घालताय?" साहेब ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, पावसाळ्यात फुटेल! कमी पडायला नको!"

साहेबांनी त्यानंतर व्हरांड्यात बसायची वेळ बदलली. मीही पाण्याची वेळ बदलली.

खोडाचा रंग उडाला, हिरवी मान काळी पडून आत खचली. रिक्षावाले आमच्या गल्लीचा पत्ता 'फुटव्याची गल्ली' म्हणून सांगायला लागले. पोरंटोरं धनवड्यांना पाठीमागं 'फुटवेसाहेब' म्हणायची. नाव लावणार नाही म्हणाले होतेच, कॉलनीनं दुसरं लावून दिलं.

श्रावणात मी डोहाळजेवण केलं. पामचं. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना घरोघर जाऊन बोलावणं केलं: "आमच्या पामला दिवस गेलेत, फुटायचाय तो, नक्की या." पहिलं आमंत्रण साहेबांच्या बायकोला, रत्नमालाताईंना दिलं. मला वाटलं, दार आपटतील. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "साडी हिरवीच नेसायची ना?"

खोडाला हिरवं लुगडं गुंडाळलं, फुलांची वाडी घातली, ओटी भरली. बायकांनी गाणी म्हटली. झाडाला कसले डोहाळे लागलेत, तर समोरच्या गाडीच्या पेट्रोलचे लागलेत, असलं काहीबाही जुळवून म्हटलं. मग पेढा की बर्फी. दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. झाडाच्या वतीनं वाटी उचलायला रत्नमालाताई पुढं झाल्या. पेढा निघाला.

"मुलगा!" बायका ओरडल्या. "आता साहेबांना पेढे वाटायला लागतील!"

रत्नमालाताई खोडाला टेकून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तीस वर्षं त्या बाईनं घरात मान हलवली होती, तिलाही कुठंतरी हसायचं होतं. समोर माडीवरच्या खिडकीचा पडदा हलला आणि बंद झाला.

मी प्रसादाची वाटी घेऊन आत गेले तर ह्यांची खुर्ची भिंतीकडं नव्हती. खिडकीपाशी होती. मी खिडकीचा पडदा तेवढा बाजूला केला.

त्याच आठवड्यात साहेब आले. एकटे आले, दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना.

"वहिनी, पुरे आता. झालं ते झालं. मी बाहेरून मोठा पाम मागवतो. तयार झाड, दोन पुरुष उंच. क्रेननं लावून देतो."

"मला पाम नको साहेब. हा फुटेल की."

"वहिनी!"

"आत मास्तर बसलेत. दोन शब्द म्हणा आणि जा. उद्यापासून बादली बंद."

ते उभ्यानं लाल झाले. आतल्या दाराकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं, जातात. मग म्हणाले, "आजवर मंत्र्यापुढं म्हटलं नाही मी, मास्तरापुढं म्हणू?"

"मग वाट बघू या," मी म्हटलं. "मला कुठं घाई आहे?" खरं म्हणजे मला घाई होती. ह्यांची मूठ दिवसेंदिवस दगडासारखी होत चालली होती.

दसऱ्याला आमच्या कॉलनीत सगळे मैदानात जमून सोनं वाटतात आणि मग गल्लीगल्लीतून घरोघर जातात. त्या दिवशी दोन माणसांनी ह्यांची खुर्ची गटारावरून उचलून रस्त्यावर आणली होती. सोनं द्यायला येणारे वाकून त्यांच्या डाव्या हातात आपट्याचं पान ठेवायचे. हे मान हलवायचे. तेवढ्यात समोरच्या गच्चीतून आरोळी आली.

"फुटला!"

साहेब गच्चीवर होते, नवा सदरा घातलेले. "फुटला! मी म्हटलं होतं! या सगळे, बघा!"

ते जिन्यानं धावत खाली आले. हातात पेढ्यांचा पुडा. सणाचे आणले असतील, पण आता ते फुटव्याचे झाले. जो दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत ते आमच्या फाटकाशी आले आणि खोडाच्या टोकाकडं बोट केलं.

सगळ्यांनी माना वर केल्या. मीही केली. त्या काळ्या, कुजलेल्या टोकातून खरंच काहीतरी वर आलं होतं. कोवळं, तांबूस-हिरवं, उन्हात चकचकणारं. माझं सगळं गुहागर, तिथले सगळे माड, आजोबांनी सांगितलेलं सगळं खोटं ठरतंय की काय?

"आता बोला वहिनी!" साहेबांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत जात होता. "चार महिने माझी चेष्टा चालवलीत. लुगडं नेसवलंत, ओटी भरलीत. सगळ्या कॉलनीला बोलावून! आता ह्याच सगळ्यांसमोर म्हणा तुम्ही, माझं चुकलं. म्हणा!"

पवारकाकूंनी माझ्याकडं बघून नजर वळवली. ज्यांनी मला हसून साथ दिली होती तेच आता हातात साहेबांचा पेढा घेऊन उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडलं की मला रडू फुटणार होतं, आणि त्या माणसासमोर रडायचं नव्हतं.

"म्हणा की!"

खाली, माझ्या कमरेजवळ, काहीतरी घोगरं वाजलं. मला आधी कळलंच नाही कुठून आलं ते. ह्यांनी मान मागं टाकली होती आणि ते डोळे बारीक करून वर बघत होते, वर्गात नकाशातलं लहान गाव शोधताना बघायचे तसे.

"पिं..."

"काय हो? काय म्हणताय?" मी खाली वाकले.

"पिं... पळ."

वारा सुटला होता. वरचं ते कोवळं पान वळलं आणि त्याचं लांब, निमुळतं शेपूट आभाळावर स्पष्ट दिसलं. कुठल्या तरी पाखरानं कुजक्या शेंड्यात बी टाकलं होतं.

पहिल्यांदा बोलल्या त्या रत्नमालाताई. "अगं बाई, पिंपळच की हो हा!"

मग गल्ली जी हसली! दसऱ्याच्या ढोलांना असा आवाज नव्हता. म्हातारे हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पेढा खाता खाता एकाला ठसका लागला. साहेब तिथंच उभे होते, एका हातात पुडा, दुसऱ्या हातात कुणाला तरी द्यायला काढलेला पेढा. तो त्यांना परत आतही टाकता येईना. आणि माझे मास्तर हसत होते. तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, लाळ गळत होती, पण हसत होते. मी तेव्हा रडले. आता कुणी बघितलं तरी मला फिकीर नव्हती.

खरी गंमत पुढं होती. साहेबांनी दोनच दिवसांत आमचा पाम छाटणाऱ्या त्याच माणसाला बोलावून आणलं. तो कुऱ्हाड घेऊन आला, वर बघितलं आणि कुऱ्हाड खाली ठेवून त्यानं हात जोडले.

"साहेब, पाम तोडला, तुम्ही सांगितलं म्हणून. पिंपळाला हात लावायचा न्हाई आपण. पोरंबाळं हायती मला."

"अरे, केवढंसं रोपटं आहे ते!"

"रोपटं का आसंना. पिंपळ हाय त्यो."

दुसरा माणूस मिळेना, तिसराही मिळेना. इकडं रत्नमालाताईंनी जेवण सोडलं. बरोबर दारासमोर पिंपळ, पिंपळावर मुंजा राहतो हे त्यांच्या आजीनं सांगितलेलं, आणि तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार. गुरुजींनी तोड सांगितली: पिंपळ तोडायचा नाही, पण ज्याच्या अंगणात आहे त्यानं पूजा करून, मुळासकट काढून देवळाच्या आवारात लावला तर चालतं. फक्त ते त्याच घरच्या माणसानं मनापासून करायला हवं.

म्हणजे आम्ही!

साहेब आले ते संध्याकाळी. या वेळी रस्त्यावर लोक होते, समोर व्हरांड्यात त्यांचीच मंडळी बसली होती, पण त्यांना थांबायला सवड नव्हती. घरातून पाठवलेले दिसत होते. चपला पायरीखाली काढल्या. ह्यांची खुर्ची आता पुन्हा व्हरांड्यात होती.

मी दारात उभी राहिले.

साहेब ह्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. जमिनीकडं बघत, अगदी हळू, म्हणाले, "मास्तर... माझं चुकलं."

ह्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग ओठ हलायला लागले. एकेक शब्द ओढून आणत होते, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसा.

"ऐकू... नाही... आलं."

मी पदर तोंडाशी धरला. आजारपणात ह्यांचं पुष्कळ काही गेलं होतं. कानाला मात्र धक्का लागला नव्हता. शेजारच्या घरातलं मांजर भांड्याला तोंड लावायचं ते त्यांना ऐकू यायचं.

साहेबांनी मागं वळून रस्त्याकडं बघितलं. समोरच्या व्हरांड्यातली मंडळी उठून उभी राहिली होती. रत्नमालाताई फाटकाला धरून बघत होत्या.

"मास्तर," साहेब मोठ्यानं म्हणाले, "माझं चुकलं! तुमचं झाड मी मारलं! ते फुटत नसतं, मला माहीत नव्हतं!"

मी मागितलेल्यापेक्षा जास्तच मिळालं. मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? दिवाळीच्या फराळापेक्षा गोड वाटलं.

साहेबांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मग मास्तर, ते पिंपळाचं तेवढं... पाहुणे यायच्या आत देवळात हलवलात तर... आमच्या घरातली फार घाबरलीय."

ह्यांनी मान वर करून खोडाच्या टोकाकडं बघितलं. तिथं आता पानं वाढली होती. मग खाली साहेबांकडं बघितलं. तोंड पुन्हा वाकडं झालं. मी ओळखलं, हे हसू आहे.

"वि... चार... करू."

साहेबांनी चपला हातात घेतल्या, पायात नाही. तसेच रस्ता ओलांडून गेले.

ह्यांचं बोलणं त्यानंतर हळूहळू सुधारलं, नद्यांची नावंसुद्धा परत आली. मूठ मात्र शेवटपर्यंत उघडली नाही. नसीमा म्हणायची, मधले ते महिने वाया गेले नसते तर उघडली असती. म्हणून ते दोन शब्द मिळाले तरी माझं समाधान झालं नाही, आजही नाही.

साहेबांच्या मुलीचं लग्न झालं, पाहुण्यांना पिंपळ आवडलाच होता. पामचं खोड आतल्या आत संपलं, त्याच्या जागी पिंपळाची मुळं उतरून जमिनीत गेली. आता झाड साहेबांच्या गच्चीच्या वर गेलंय. पाखरं येतात, त्यामुळं गाडी तिथं लावायची सोय राहिली नाही. साहेब म्हातारे झालेत. अजून वर्षातून एकदा, दसऱ्याला, सोनं द्यायला येतात आणि जाताना झाडाकडं बघून विचारतात, "वहिनी, त्याचं काही...?"

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. विचार करायचं काम आता माझ्याकडं आलंय. मी करतेय.